ठमी बसते, पण थांबत नाही

ठमी घरी आली तेव्हा साडेतीन महिन्यांची होती. गावठी कुत्री, तांबूस, एक कान उभा आणि एक पडलेला. बसायला ती दोन दिवसांत शिकली आणि मला वाटलं, अर्धं काम उरकलं. तिसऱ्या दिवशी तिला हॉलमध्ये बसवलं, 'थांब' म्हटलं आणि स्वयंपाकघराकडे निघाले. ओट्यापाशी पोचून मागे वळते तर बाईसाहेब माझ्या टाचेशी.

माझ्या डोक्यात अमेरिकन केनेल क्लबची 'कॅनाइन गुड सिटिझन' चाचणी होती. १९८९ पासून चालू असलेल्या या चाचणीत कुत्र्याला २० फुटी दोरी बांधतात, मालक त्याला थांबायला सांगून दोरीच्या टोकापर्यंत चालत जातो आणि परत येतो. मी पहिल्याच आठवड्यात तेच करायला गेले. दीड महिना रोज नापास. सासूबाईंनी निकाल दिला, "हट्टी आहे." मलाही तसंच वाटायला लागलं होतं. आता रविवारी सकाळी सोसायटीतल्या नव्या कुत्रेवाल्यांना थोडीफार मदत करते, तर दर दुसरा माणूस हेच सांगतो: बसतो हो, पण थांबत नाही. खरं म्हणजे मी ठमीला काही शिकवतच नव्हते. नुसती परीक्षा घेत होते.

पहिली गोची शब्दांची. आमच्या घरात 'थांब' दिवसातून पन्नास वेळा ऐकू येतं. थांब गं, गॅस बंद करते. थांब, फोन आलाय. 'बस'चं तर विचारूच नका: बस झालं आता, बस आली का, बस की जरा. त्या बिचारीने यातलं आपलं कुठलं ओळखायचं? बरीच माणसं कुत्र्याशी 'सिट', 'स्टे' असं इंग्रजी बोलतात, त्याला लोक हसतात. मला त्यात साहेबीपणा दिसत नाही. तो आवाज घरात दुसऱ्या कशासाठी येत नाही, हा त्याचा सरळ फायदा. मीही 'सिट' घेतलं आणि 'थांब' काढूनच टाकलं. 'सिट' म्हणजे पुढचं सांगेपर्यंत बसून राहायचं, एवढं एकच तिला शिकायला उरलं.

'पुढचं' काय, हे मात्र ठरलेलं पाहिजे. माझ्याकडे सुटकेचा शब्दच नव्हता. खाऊ मिळाला की काम संपलं, असं तिने स्वतःच ठरवून टाकलं होतं, आणि माझ्या वागण्यावरून ते बरोबरच होतं. मग आम्ही शब्द निवडला 'सुट्टी'. मी 'सुट्टी!' म्हणायचे आणि लगेच खाऊचा तुकडा लांब फेकायचे, म्हणजे ती उठून धावायची. मात्र आधी शब्द, मग हात. दोन्ही एकदम केलं तर कुत्रं हाताकडे बघून उठतं, शब्द त्याच्या कानावरून जातो.

त्यानंतर आम्ही अगदी तळापासून सुरुवात केली. ती बसली की एका सेकंदात खाऊ. अजून बसलेलीच आहे? दुसरा. तिसरा. पाच तुकडे बसल्या जागी, मग सुट्टी. बसून राहण्यातच कमाई आहे हे तिला पटायला चार दिवस लागले. मग सेकंद वाढवले, पण चढत्या क्रमाने नाही. तीन, पाच, दोन, आठ, चार, दहा असे. दरवेळी आधीपेक्षा अवघडच होत गेलं तर कुत्रं कंटाळून खेळच सोडतं. एका वेळी तीन मिनिटं, दिवसातून तीनदा. खाऊ म्हणजे उकडलेल्या चिकनचे हरभऱ्याच्या डाळीएवढे तुकडे, मीठमसाला नाही. कांदा-लसूण तर अजिबात नको, ते कुत्र्यांना विषारी असतं. शाकाहारी घरात पनीर चालतं. जेवढा खाऊ दिला तेवढं जेवणातून कमी करायचं, नाहीतर महिन्याभरात पिंप होतं.

खाऊ कुठे देता यावरही बरंच अवलंबून आहे, आणि हे मला फार उशिरा कळलं. मी लांबूनच हात पुढे करायचे, मग ती ढुंगण घसटत घसटत पुढे सरकायची. आता तिच्यापर्यंत जाऊन अगदी हनुवटीखाली, छातीला लागून देते. वजन मागच्या पायांवरच राहतं. ती उठायच्या बेतात असली की आधी पुढच्या पंजांवर भार येतो आणि उभा कान आणखी ताठ होतो. हे दिसलं की वाट बघत बसू नका. तो एक क्षण आधीच खाऊ द्या किंवा सुट्टी म्हणा.

अंतर वाढवताना पहिलं पाऊल म्हणजे खरोखर अर्धं पाऊल. मी नुसतं वजन मागच्या पायावर घ्यायचे आणि परत तिच्याकडे. मग एक पाऊल, मग दोन. पाठमोरं होणं हा वेगळाच धडा आहे. उलटं चालत दहा पावलं गेले तरी हलत नव्हती ती मी नुसती वळले की उठायची. तेव्हा वळण्याचं शिक्षण पुन्हा शून्य पावलांपासून. अंतर वाढवलं की वेळ कमी करा, आजूबाजूला गडबड असली की दोन्ही कमी करा. आणि बसलेल्या कुत्र्याला लांबून हाक मारून बोलावू नका, निदान पहिले काही आठवडे तरी. दरवेळी तुम्हीच परत जा. नाहीतर ते बोलावण्याचीच वाट बघत ताटकळतं आणि हाकेच्या आधीच सुटतं.

मोडलं तर? काही नाही. ओरडणं नाही, 'नो नो' नाही. गपचूप त्याच जागी आणून बसवायचं आणि सोपं करायचं. लागोपाठ दोनदा मोडलं की वेळ निम्मी.

मध्यंतरी एका शिक्षकाला बोलावलं होतं. तो साखळीला झटका द्यायचा आणि पाठीमागून कंबर दाबून बसवायचा. ठमी कंबर ताठ करून उलट ढकलायची, आणि तिसऱ्या दिवशी साखळी दिसताच सोफ्याखाली. फी गेली ती गेलीच, वर पट्टा घालून घ्यायला ती पुन्हा तयार व्हायला दोन आठवडे लागले.

जमिनीकडे कोणी लक्ष देत नाही. गुळगुळीत फरशीवर मागचे पाय फाकतात, कुत्रं सावरायला उठतं आणि आपण म्हणतो ऐकत नाही. पायपुसणं किंवा सतरंजी घाला. पावसात ओल्या जमिनीवर ठमी बूड टेकवत नाही, आणि एप्रिल-मेच्या दुपारी तापलेल्या डांबरावर कोणाला बसवूच नये. कारवानीसारख्या हडकुळ्या शिकारी कुत्र्यांना फार वेळ बसणं सोसत नाही. दोन मिनिटांच्या वर थांबवायचं असेल तर कोणत्याही कुत्र्याला आडवं होऊ द्यावं. एखादं कुत्रं वाकडं बसत असेल, बसायचं टाळत असेल तर शिक्षण थांबवून आधी डॉक्टर गाठा. कंबरेचं दुखणं असू शकतं.

हॉलमध्ये जमलेलं जिन्यात जमत नाही. ठमी घरात कुकरच्या तीन शिट्ट्या बसून काढायची आणि लिफ्टसमोर दोन सेकंद टिकेना. प्रत्येक नव्या जागी एका सेकंदापासून सुरुवात, फक्त दर वेळी लवकर उरकतं. रस्त्यावर मात्र पट्टा हातातच. गल्लीतली कुत्री तुमच्या 'सिट'ला बांधील नाहीत.

पाच महिन्यांनी ती जेवणाचं भांडं समोर ठेवून मिनिटभर बसायला लागली. मे महिन्यात नणंदेची मुलं आली. दुपारी मी मोठ्या थाटात ठमीला बसवून दाखवत होते, तेवढ्यात धाकट्याने आजीला विचारलं, "आजी, आमची सुट्टी कधी संपते?" ठमी उठली, सरळ त्याच्यापाशी गेली आणि हाताकडे बघत उभी राहिली. मुलगा माझ्याकडे बघायला लागला. म्हटलं, दे बाबा, तिचं बरोबर आहे.