घरातील गंभीर आजार आणि किशोरवयीन मुलावरील भार

आई किंवा वडिलांना कर्करोगासारखा दीर्घ आजार झाला की चौदा-पंधरा वर्षांचे मूल कुणी न सांगताच कामे उचलू लागते आणि घरातील मोठी माणसे त्याला ‘समजूतदार’ म्हणून निश्चिंत होतात. हे कौतुक जपून करावे, कारण शाबासकी टिकवण्यासाठी ते मूल स्वतःची भीती बोलून दाखवणे सोडून देते.

आधी त्याला खरे सांगावे. आजाराचे नाव, उपचारांचे स्वरूप, त्यांना लागणारा साधारण काळ आणि थकवा, केस गळणे यांसारखे दिसू शकणारे परिणाम हे घरच्यांकडूनच कळले, तर कानावर पडलेल्या अर्धवट बोलण्यावरून ते मनात भलतेसलते रचत बसत नाही. ‘आई बरी होईल ना?’ या प्रश्नाला खोटे वचन देऊ नये; ‘आज नक्की सांगता येत नाही, पण जे कळेल ते तुला सांगू,’ असे म्हणावे आणि ते पाळावे.

कामे जरूर द्यावीत. काहीच करू न दिलेल्या मुलाला अधिक असहाय वाटते. मात्र धाकट्या भावंडाचा अभ्यास घेणे किंवा औषधे आणून देणे वेगळे, आणि औषधाची मात्रा ठरवणे, रात्रभर जागणे, पैशांची चिंता ऐकून घेणे, खचलेल्या पालकाला एकट्याने सावरणे वेगळे. ही दुसरी यादी प्रौढांचीच आहे. केमोथेरपी चालू असताना 38 अंश सेल्सिअस किंवा त्याहून अधिक ताप आला, तर तो धोकादायक संसर्ग असू शकतो व रुग्णालयाला तातडीने कळवावे लागते. त्यामुळे मूल घरी एकटे असेल तेव्हा कुणाला फोन करायचा, हे क्रमांकांसह ठळक लिहून ठेवावे. पुढचा निर्णय फोन घेणाऱ्या प्रौढाने करावा.

या वयात आठ ते दहा तासांची झोप लागते. तीवर घरकामाने अतिक्रमण करू नये. मित्रांबरोबर खेळायला गेल्याबद्दल किंवा चिडल्याबद्दल ‘घरात काय चालले आहे आणि तुला सुचते कसे’ असे तर कधीच बोलू नये. मुलाला विचारून एका विश्वासू शिक्षकांना परिस्थिती सांगावी, म्हणजे राहिलेल्या गृहपाठाचा खुलासा दर वेळी त्याला करावा लागणार नाही.

झोप उडणे, एकलकोंडेपणा, अभ्यासातील घसरण दोन आठवड्यांहून अधिक टिकली, तर समुपदेशकांची भेट घ्यावी. स्वतःला इजा करण्याचे बोलणे कानावर आले, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावे आणि तोवर मुलाला एकटे सोडू नये.