खांद्याचा फरा : आधी बोटांनी शोधा, मग काढा

तक्त्यावरून स्नायूंची नावं पाठ केली की शरीर कळतं, हा सल्ला सोडून द्या. तक्त्यातला माणूस हात खाली सोडून उभा असतो, जिवंत माणूस हलतो. म्हणून आधी बोट, मग पेन्सिल आणि नाव सगळ्यात शेवटी. सुरुवात खांद्यापासून करा. चित्रं तिथंच फसतात.

१. काटक बांध्याचा मित्र तयार करा. खुणांसाठी आयब्रो पेन्सिल घ्या, सहज धुऊन निघते.

२. गळ्याच्या खळगीपासून कॉलरबोन चाचपत खांद्याच्या टोकापर्यंत जा.

३. आता पाठीवरचा फरा, म्हणजे खांद्यामागचं चपटं त्रिकोणी हाड. मला सगळ्यात जास्त छळलं ते यानंच. मित्राला हात मागं घेऊन पंजाची पाठ कमरेवर टेकवायला सांगा. फऱ्याची आतली कड वर उचलली जाते, बोट थेट तिच्यावर बसतं. नखानं टोचू नका, बोटाच्या पेरानं दाबा. मग हात खाली सोडायला लावून पुन्हा चाचपा. फऱ्यावरचा आडवा कंगोरा साधारण पाठीच्या कण्यातल्या, छातीच्या भागातल्या तिसऱ्या मणक्यापाशी संपतो, खालचं टोक सातव्याच्या पातळीला येतं. खुणा करा, चित्र काढा.

मग हात डोक्यावर. इथं सांभाळा! कातडीवरची खूण जागेवरच राहते आणि हाड तिच्याखालून सरकून जातं. जुन्या खुणांवर विसंबून काढलेला फरा हमखास चुकतो. खालचं टोक काखेकडं वळलेलं असतं. ते नव्यानं शोधा, दुसऱ्या रंगानं खूण करा. हात १८० अंश वर जातो त्यातले साधारण १२० अंश खांद्याच्या सांध्यातले, ६० फऱ्याच्या फिरण्यातले. फरा बरगड्यांना सांध्यानं जोडलेलाच नाही, म्हणून तो इतका सरकतो. अख्ख्या हाताचा धडाशी हाडाचा सांधा एकच, कॉलरबोन छातीच्या हाडाला मिळतं तिथं. तिथं बोट ठेवा आणि मित्राला खांदे उडवायला सांगा, हालचाल कळेल.

४. आता तालमीत जा. कोल्हापुरात गंगावेशीत किंवा तुमच्या पेठेत, वस्तादांना विचारून एका कडेला बसा. जोर मारताना पैलवान खाली गेला की फरे जवळ येतात, वर आला की फाकतात. भराभर रेखाटा. चाचपायला मात्र पैलवान नको, हाडं मांसाखाली दडलेली असतात.

५. घरी आठवणीनं काढा, दुसऱ्या दिवशी मित्राच्या पाठीवर पडताळा. मगच पुस्तक उघडून नावं लिहा.