जळिताचं चित्र कसं पाहावं

जपानी चित्रकार कोबायाशी कियोचिकाचं ‘र्योगोकु याकेआतो’ हे लाकडी ठशांनी छापलेलं चित्र पाहायला मिळालं, तर त्याने सुरुवात करू नका. आधी त्याचीच आगीची चित्रं पाहा. २६ जानेवारी १८८१ला तोक्योत मोठी आग लागली आणि र्योगोकु भागात पसरली. कियोचिका वही घेऊन ती रेखाटत राहिला आणि त्याचं स्वतःचं घरही त्यात गेलं. लाल आभाळाची ती चित्रं डोळ्यांत भरून घ्या, मग याकेआतोकडे वळा. याकेआतो म्हणजे आपल्या भाषेत जळीत. आग विझल्यावर उरलेली जागा.

र्योगोकु कुठे, तेही नकाशात शोधा. १६५७च्या आगीत सुमिदा नदी ओलांडता न आल्याने असंख्य माणसं मेली, म्हणून तिथे पूल बांधला गेला. हे ठाऊक असलं की चित्रातली जागा नुसतं दृश्य राहत नाही. अशा चित्रांत जाड भिंतींची एखादीच इमारत उभी दिसली, तर ती बहुधा ‘कुरा’, म्हणजे मातीने लिंपलेली कोठार-वखार. आगीत टिकावी म्हणूनच ती तशी बांधत.

आता प्रकाश. वरचा दिवा बंद करून खिडकीचा उजेड कागदावर तिरपा येऊ द्या. लाकडाच्या रेषा उमटलेल्या दिसतील. ठशावर ठेवलेला कागद ‘बारेन’ या बांबूच्या सालपटात गुंडाळलेल्या चकतीने घासतात, तिचे वळसेही कधी कधी सापडतात. जमल्यास कागद दोन्ही हातांनी उचलून मागची बाजू पाहा. रंग किती मुरलाय ते तिथे कळतं.

मात्र सगळ्यात जास्त वेळ करड्या रंगाला द्या. मी स्वतः ठसे कोरते, आणि धुरासारखा विरत जाणारा करडा छापायला बसले तेव्हा माझे अकरा कागद वाया गेले. ठसा एका बाजूने ओला ठेवायचा, दुसऱ्या बाजूला शाई लावायची आणि ब्रशने ती ओल्याकडे ओढत न्यायची. याला ‘बोकाशी’ म्हणतात. पाणी थोडं जास्त झालं की डाग पडतो. प्रत्येक कागदासाठी हे पुन्हा करावं लागतं, म्हणून एकाच चित्राच्या दोन प्रतींत धूर सारखा नसतो. दोन प्रती शेजारी ठेवून पाहता आल्या तर अवश्य पाहा.

आणि ती काळी शाई, ‘सुमी’, बनते काजळी आणि सरसापासून. जळलेलं शहर काजळीनेच छापलेलं असतं.