लॅपटॉप सर्व्हिस सेंटरला नेण्याआधी

लॅपटॉप बिघडलाय हे लक्षात आलं की त्याच दिवशी तो पिशवीत घालून निघू नका. दोन संध्याकाळी तयारीला द्या. आम्ही बार्शीत राहतो. कंपनीचं अधिकृत सर्व्हिस सेंटर सोलापुरात, म्हणजे एसटीने साधारण 70 किलोमीटर. मुलीच्या डिप्लोमासाठी घेतलेला लॅपटॉप सात महिन्यांत दगा द्यायला लागला आणि त्यापायी मी त्या रस्त्यावर चार फेऱ्या मारल्या. पहिल्या तीन वाया गेल्या, कारण माझ्याकडे सांगायला तोंड होतं, दाखवायला कागद नव्हता. चौथ्या फेरीआधी जी तयारी केली ती इथे लिहिते आहे.

सगळ्यात आधी बिल. शोरूममध्ये मिळणारं बिल पुष्कळदा थर्मल कागदावर असतं आणि कपाटात ठेवूनही फिकं पडतं. आज सापडलं तर आजच फोटो काढा, झेरॉक्स काढा आणि स्वतःलाच मेल करून ठेवा. मग लॅपटॉप उलटा करा. तळाच्या स्टिकरवरचा सिरीयल नंबर बिलावरच्या नंबराशी एकेक अक्षर जुळतो का बघा; शून्य आणि इंग्रजी ओ यांत हमखास घोळ होतो. बिलावर नंबरच नसेल तर दुकानातून तो लिहून, शिक्का मारून घ्या. नंतर कंपनीच्या साइटवर तोच नंबर टाकून वॉरंटी कधी संपते ते पाहा. कधीकधी तिथली तारीख माल कंपनीतून निघाल्या दिवसापासून मोजलेली असते. आमची वॉरंटी तिथे दोन महिने कमी दिसत होती. बिलाची प्रत पाठवल्यावर चार दिवसांत तारीख दुरुस्त झाली. खरं तर हे काम खरेदीच्या आठवड्यातच उरकावं.

बिल कुणाच्या नावावर आहे तेही पाहून ठेवा. धंद्याच्या जीएसटी नंबरावर घेतलेलं असेल तर पुढे ग्राहक आयोगात ‘ही व्यापारी कामासाठीची खरेदी आहे’ असा आक्षेप येऊ शकतो. स्वतःच्या पोटापाण्यासाठी, स्वयंरोजगारासाठी वस्तू घेणाऱ्याला कायदा ग्राहकच मानतो, पण ते आपल्याला दाखवून द्यावं लागतं.

वॉरंटीच्या अटी एकदा शांतपणे वाचा. लॅपटॉपला तीन वर्षांची वॉरंटी असली तरी बॅटरीला अनेकदा एकच वर्ष असतं. शोरूमने जादा पैसे घेऊन दिलेली ‘एक्स्टेंडेड वॉरंटी’ कंपनीची की तिसऱ्याच कुणाची, हे पावतीवर बघा. तिसऱ्याची असेल तर कंपनीचं सर्व्हिस सेंटर तुम्हाला उभंही करणार नाही. ‘ऑनसाइट’ लिहिलेलं असेल तर माणूस घरी यायला हवा. तुमच्या पिनकोडला ती सेवा मिळते का हे विचारा आणि उत्तर मेलवर घ्या.

आता दोषाची नोंद, आणि इथे मला जास्त बोलायचंय. आमचा लॅपटॉप चार्जिंगला लावून काम करताना साधारण 40 मिनिटांनी एकदम बंद पडायचा. ना सूचना, ना आवाज, स्क्रीन काळी. पहिल्या फेरीत काउंटरवरच्या मुलाने तो सुरू केला, दहा मिनिटं इकडेतिकडे क्लिक करून पाहिलं आणि म्हणाला, “मॅडम, ओके आहे. काही प्रॉब्लेम दिसत नाही.” दहा मिनिटांत तो बंद पडणार नव्हताच. त्याला मी तसं सांगितलं, पण सांगण्याला तिथे किंमत नसते.

म्हणून एक साधी वही घ्या. तारीख, वेळ, चार्जरवर होता की बॅटरीवर, काय चालू होतं, किती मिनिटांनी बंद पडला, पुन्हा सुरू व्हायला काय करावं लागलं, एवढं प्रत्येक वेळी एका ओळीत लिहा. आम्ही नऊ दिवसांत चौदा नोंदी केल्या आणि तेव्हा पहिल्यांदा कळलं की नुसत्या बॅटरीवर तो एकदाही बंद पडला नव्हता. ही ओळ वाचून चौथ्या फेरीत तिथल्या सीनियर इंजिनियरने विंडोज बाजूला ठेवलं आणि थेट मदरबोर्ड, म्हणजे आतली मुख्य सर्किट पाटी, तपासायला घेतला. व्हिडिओही हवाच. मागे भिंतीवरचं घड्याळ दिसेल असा फोन टेकवून ठेवा आणि सलग चित्रण करा, मध्ये कापू नका. निळी स्क्रीन येत असेल तर खालचा कोड वाचता येईल असा फोटो काढा. विंडोजच्या सर्चमध्ये ‘रिलायबिलिटी’ टाकलं की एक तक्ता उघडतो. मशीन ज्या ज्या दिवशी अचानक बंद पडलं त्या दिवसांवर लाल फुल्या असतात. त्याचा स्क्रीनशॉट छापून न्या. कंपनीच्याच मशीनने दिलेली साक्ष कुणाला खोटी ठरवता येत नाही.

सोबत त्यांचे ठरलेले प्रश्न घरीच संपवून जा. दुसऱ्या खोलीतल्या प्लगवर लावून पाहिलं का? अपडेट टाकले का? त्याच क्षमतेचा दुसरा चार्जर मिळाला तर तो लावून पाहिला का? तालुक्याच्या गावाहून आलोय म्हटलं की ‘तुमच्याकडे व्होल्टेज कमीजास्त होत असेल’ हे उत्तर तयारच असतं. आम्ही ओळखीच्या वायरमनकडून प्लगचं अर्थिंग आणि व्होल्टेज मोजून घेतलं आणि तो आकडा वहीत त्याची सही घेऊन लिहिला. मात्र वॉरंटी चालू असेपर्यंत बाहेरच्या कुणाला एकही स्क्रू उघडू देऊ नका. मशीन आधी उघडलं होतं एवढं कारण त्यांना पुरतं.

डेटा हा दुसरा मोठा विषय. सर्व्हिस सेंटर डेटाची जबाबदारी घेत नाही, तसं जॉबशीटवर, म्हणजे मशीन जमा करताना ते तक्रार नोंदवून देतात त्या कागदावर, छापलेलंच असतं. सगळं बाहेरच्या हार्डडिस्कवर काढा आणि ती दुसऱ्या कॉम्प्युटरला लावून दोन-चार फाइली खरंच उघडून पाहा. मशीन सुरूच होत नसेल तर आत डेटा आहे आणि तो हवा आहे, हे लेखी कळवल्याशिवाय देऊ नका. वॉरंटीत डिस्क बदलली तर जुनी सहसा कंपनीकडे जमा होते. बँक, मेल, व्हॉट्सअॅप यांतून बाहेर पडा, ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड पुसा. तुमचा पासवर्ड चिठ्ठीवर लिहून देण्यापेक्षा त्यांच्यासाठी वेगळं खातं उघडून द्या.

आणखी एक गोष्ट फार कमी लोकांना माहीत असते. बऱ्याच नव्या लॅपटॉपवर विंडोज डिस्क कुलूपबंद करून ठेवतं, आपल्याला न विचारता. मदरबोर्ड बदलला की ते कुलूप नव्या बोर्डाला ओळखत नाही आणि सुरू होतानाच 48 अंकी ‘बिटलॉकर रिकव्हरी की’, म्हणजे त्या कुलपाची किल्ली, मागतं. ती आपल्या मायक्रोसॉफ्ट खात्यात साठवलेली असते, पण ते खातं कुणाच्या मेलवर उघडलं होतं हेच घरात कुणाला आठवत नाही. आमचं खातं शोरूममधल्या मुलाने खरेदीच्या दिवशी उघडून दिलेलं होतं. मुलीने दोन तास खटपट करून ते परत मिळवलं आणि ती किल्ली कागदावर उतरवून घेतली. चौथ्या फेरीत तीच लागली. नसती तर डिस्क पुसून नव्याने विंडोज टाकण्यावाचून मार्ग नव्हता.

निघायच्या दिवशी उजेडात लॅपटॉपचे फोटो काढा: चारही कोपरे, बिजागरं, स्क्रीन, तळाचे स्क्रू, चार्जरची पिन. माउसचा बारका रिसीव्हर आणि मेमरी कार्ड काढून घ्या. चार्जर मात्र न्या.

काउंटरवर पोचल्यावर सगळं जॉबशीटवर ठरतं. आमच्या पहिल्या जॉबशीटवर तक्रारीच्या रकान्यात लिहिलं होतं ‘स्लो’, दुसऱ्यावर ‘हीटिंग’, तिसऱ्यावर ‘विंडोज इश्यू’. मी तिन्ही वेळा तेच सांगितलं होतं. तिन्ही वेळा विंडोज नव्याने टाकून मशीन परत दिलं गेलं. कागदावर बघणाऱ्याला तीन वेगवेगळ्या किरकोळ तक्रारी दिसत होत्या आणि तिन्ही सुटलेल्या. एकच दोष तीनदा दुरुस्तीला जाऊनही कायम आहे, हे कुठेच उमटलं नव्हतं, आणि बदली मशीन मागायचं तर नेमकं तेच दाखवावं लागतं. घरी येऊन मी तिन्ही कागद ओळीने मांडले तेव्हा मला रडू कोसळलं. तीन दिवसांची रजा, मुलीचं सबमिशन सायबर कॅफेत बसून केलेलं, आणि कागदावर काय, तर ‘स्लो’.

चौथ्यांदा मी तक्रार टाइप करून नेली. दोष काय, कधीपासून, आधीच्या तीन जॉबशीटचे नंबर आणि तारखा, सगळं एका पानात. काउंटरवरचा मुलगा म्हणाला, “ताई, सिस्टीममध्ये एवढं बसत नाही.” म्हटलं, मग ‘सोबतच्या पत्राप्रमाणे’ एवढंच टाका आणि माझ्या प्रतीवर पोच द्या. त्याने शिक्का मारला, तारीख टाकली. हे तुम्हीही कराच. बाह्य स्थितीचा रकाना रिकामा ठेवू देऊ नका. तिथे ‘कुठेही तडा, पाणी नाही’ असं आपल्यासमोर लिहून घ्या, नाहीतर आठ दिवसांनी ‘लिक्विड डॅमेज’ निघू शकतं. मशीन परत कधी देणार ती तारीख लिहून घ्या. कोऱ्या किंवा अर्धवट फॉर्मवर सही करू नका.

मशीन त्यांच्याकडे असताना रोज फोन करण्यात दम घालवू नका. फोन झाला की त्याच संध्याकाळी मेल टाका: आज दुपारी अमुक वाजता बोलणं झालं, पार्ट आठ दिवसांत येईल असं सांगण्यात आलं. उत्तर नाही आलं तरी नोंद राहते. एसटीची तिकिटं जपा, माझी अर्ध्या दराची होती तरी जपली. सायबर कॅफेच्या पावत्याही.

शोरूमवाल्याला विसरू नका. ‘विकल्यानंतर आमचा संबंध नाही, कंपनीशी बोला’ हे तो म्हणणारच. ग्राहक संरक्षण कायदा 2019 प्रमाणे विक्रेता आणि कंपनी या दोघांविरुद्धही तक्रार करता येते, म्हणून प्रत्येक पत्र दोघांनाही पाठवा. ऑनलाइन घेतलं असेल तर 2020 च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे तक्रार अधिकाऱ्याने 48 तासांत पोच द्यायची आणि महिनाभरात निवारण करायचं असतं. तक्रार नंबर जपा.

एवढं करूनही हलत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा 1915 हा नंबर आहे, तिथे मराठीतही बोलता येतं. त्यापुढे स्पीड पोस्टाने 15 दिवसांची नोटीस आणि मग जिल्हा ग्राहक आयोग. तक्रार तुम्ही राहता त्या जिल्ह्यात करता येते, दुकान पुण्यामुंबईत असलं तरी. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, वकील लावलाच पाहिजे असं नाही, आणि तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते. ऑनलाइन दाखल करायला ई-जागृती पोर्टल आहे. 1974 मध्ये बिंदुमाधव जोशींनी पुण्यात सुरू केलेल्या ग्राहक पंचायतीचे कार्यकर्ते अनेक तालुक्यांत आहेत. आमच्या नोटिशीचा मसुदा अशाच एका काकांनी तपासून दिला. ती पाठवायची वेळ आली नाही, पण पाकीट पत्ता घालून तयार होतं आणि त्याची प्रत मी काउंटरवर फायलीत सगळ्यात वर ठेवली होती.

परत घेण्याच्या दिवशी घाई करू नका, शेवटच्या एसटीची धास्ती राहणार नाही अशा वेळी जा. तळाचा सिरीयल नंबर, सगळे स्क्रू, कीबोर्डचं प्रत्येक बटण, कॅमेरा, वायफाय, आवाज तिथेच पाहा. कोणता भाग बदलला त्याचं नाव कागदावर मागा. आमच्या कागदावर ‘मदरबोर्ड बदलला’ असं आलं. पोच घेण्याचा फॉर्म पुढे सरकवल्यावर मी म्हटलं, आधी चार्जरवर लावून इथेच चालवते. व्हिडिओ सुरू केला, बाकावर बसले. 40 मिनिटं झाली, 50 झाली, लॅपटॉप चालूच होता. मग सही केली आणि सहीशेजारी वेळ लिहिली.