गेममध्ये आवाज खरखरतोय? नवीन हेडफोन मागवायच्या आधी या चुका टाळा

गेम खेळताना आवाज खरखरला, तुटला, मध्येच अडकला की आपल्याकडे पहिला बळी हेडफोनचा जातो. कुठेतरी सेल चालूच असतो, लगेच नवीन मागवायचा, तो आला की दोन दिवस बरं वाटतं आणि मग परत तेच सुरू, कारण बिघाड हेडफोनमध्ये नव्हताच. मी आजवर जेवढे पीसी बघितलेत त्यात बऱ्याचदा साउंडचा बिचाऱ्याचा काही दोषच नव्हता. वायफाय, यूएसबी, ग्राफिक्सचा ड्रायव्हर (म्हणजे ते हार्डवेअर विंडोजला चालवता यावं म्हणून लागणारं सॉफ्टवेअर), घरातलं वायरिंग, यातलं कोणीतरी गडबड करतं आणि ती ऐकू मात्र कानात येते.

म्हणून आधी ऐका. कशालाही हात न लावता ऐका. चटचट-करकर फक्त गेम चालू असतानाच होते की साधं गाणं लावलं तरी होते? सतत घूंऽऽ असा आवाज येतोय का? मित्र व्हॉइस चॅटवर आले की आवाज एकदम पातळ, फोनवर बोलल्यासारखा होतो का? की नुसताच बारीक होतो? ही चार वेगवेगळी दुखणी आहेत आणि चारही दुखण्यांना 'फॉरमॅट मार' हे एकच औषध सांगणारे लोक प्रत्येक ग्रुपमध्ये असतात, त्यांच्यापासून लांब रहा.

सगळं एकदम बदलणं

ही चूक माझ्या डोक्यात जाते. डोंबिवलीतल्या एका मित्राचा मुलगा, इंजिनिअरिंगला आहे, त्याचा फोन आला की काका, फाईट सुरू झाली की आवाज फुटतो, समोरच्याची पावलं ऐकूच येत नाहीत, मी मरतो. विचारलं काय काय करून बघितलंस. तर नवीन हेडसेट घेतला, दुकानदाराने गळ्यात मारलेलं साउंड कार्ड बसवलं, फॉरमॅट मारला, ड्रायव्हर अपडेट करणारं एक फुकटचं सॉफ्टवेअर टाकून दिसेल तो ड्रायव्हर अपडेट केला, व्हिडिओ बघून विंडोजच्या ढीगभर सर्व्हिसेस बंद केल्या, रजिस्ट्रीतही, म्हणजे विंडोजच्या आतल्या सेटिंगांच्या साठ्यातही, हात घातला. आणि हे सगळं एकाच वीकेंडला! आता यातल्या कशाने काय झालं हे ब्रह्मदेव तरी सांगेल का? उलट आधी एक बिघाड होता, आता प्रिंटरपण चालेना.

रविवारी गेलो. आधी साउंड कार्ड काढलं, अपडेटर उडवला, बंद केलेल्या सर्व्हिसेस परत चालू केल्या, म्हणजे पीसी निदान मूळ पदावर आला. मग लेटन्सीमॉन टाकलं. हे छोटंसं सॉफ्टवेअर आहे, घरगुती वापराला फुकट, आणि आवाज तुटत असेल तर मी सगळ्यात आधी तेच लावतो.

ते काय बघतं हे समजून घ्या, नाहीतर नुसते लाल आकडे बघून घाबराल. विंडोज साधारणपणे आवाज १० मिलिसेकंदांच्या तुकड्यांत पुढे देतं, म्हणजे ४८००० हर्ट्झला, सेकंदाला आवाजाचे ४८००० नमुने (सॅम्पल) असताना, एका तुकड्यात ४८० सॅम्पल. पंगतीत वाढपी कसा, ताट रिकामं व्हायच्या आत परत फिरून यायला हवा, तसा प्रोसेसर प्रत्येक वेळी वेळेवर यायला लागतो. वाटेत दुसऱ्या कुठल्या ड्रायव्हरने त्याला अडवून धरलं की ताट रिकामं, आणि तीच तुम्हाला ऐकू येणारी चट्ट. ही अडवणूक किती वेळाची आणि कुठल्या ड्रायव्हरची, ते लेटन्सीमॉन दाखवतं. स्क्रीनवर एखादी फ्रेम चुकली तर डोळा सोडून देतो, कान सोडत नाही.

तर लेटन्सीमॉन लावलं, नुसत्या डेस्कटॉपवर सगळं हिरवंगार. इथेच बरेच जण 'काही प्रॉब्लेम नाही' म्हणून बंद करतात. अरे गेम तर चालू कर! ऑनलाइन मॅच सुरू केल्यावर पाचेक मिनिटांत आकडा चढला आणि ड्रायव्हरच्या यादीत सगळ्यात वर एनडीआयएस, म्हणजे विंडोजचा नेटवर्कवाला भाग. पोराने पीसीच्या मागे एक स्वस्तातला यूएसबी वायफाय डोंगल खोचलेला होता. तो काढला, राउटरपासून हॉलमधून लांबलचक लॅन केबल आणली, मॅच लावली, आवाज एकदम स्वच्छ. वहिनी दारात उभ्या राहून म्हणाल्या, ही वायर आता इथेच राहणार का? मग ती भिंतीच्या कडेने खिळे मारून नेऊन दिली. साउंड कार्डचे पैसे दुकानदाराने अर्थातच परत दिले नाहीत.

यातून माझी सवय सांगतो, पद्धत वगैरे म्हणू नका. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, रीस्टार्ट करायचं, तोच गेम तोच मॅप थोडा वेळ खेळायचा, आणि काय बदललं ते कागदावर लिहायचं. लेटन्सीमॉनमधला आकडा गेम चालू असताना वारंवार १००० मायक्रोसेकंदांच्या वर जायला लागला की मी यादीत वर कोण बसलंय ते बघतो. एनव्हिडियाचा, म्हणजे ग्राफिक्स कार्डाचा, ड्रायव्हर दिसला तर तो क्लीन इन्स्टॉल करतो (जुना पूर्ण काढून नव्याने टाकतो), नेटवर्क दिसलं तर वायफाय बंद करून केबलवर बघतो. कंटाळवाणं आहे, मान्य, पण फॉरमॅट मारून सगळे गेम परत डाउनलोड करण्यापेक्षा लवकर होतं.

एएमडीचा रायझन प्रोसेसर असणाऱ्यांसाठी एक जोड. मधूनच काही सेकंद गेम आणि आवाज दोन्ही अडखळतात आणि आपोआप नीट होतात असं असेल तर मदरबोर्डचं बायोस, म्हणजे त्याचं स्वतःचं मूळ सॉफ्टवेअर, किती जुनं आहे ते बघा. एफटीपीएम (प्रोसेसरमधलीच सुरक्षेची सोय) चालू असलेल्या काही रायझन मशीनवर हे होतं हे एएमडीने स्वतः २०२२ मध्ये मान्य केलं आणि त्यावरचा उपाय बायोस अपडेटमधूनच दिला. अपडेट करताना पीसी यूपीएसवर पाहिजे. पावसाळ्यात ढग गडगडत असताना बायोस अपडेट करायला बसणारे महाभाग मी पाहिलेत. आणि बिटलॉकर (डिस्कला कुलूप घालणारी विंडोजची सोय) चालू असेल तर त्याची रिकव्हरी की आधी काढून ठेवा, नंतर रडू नका.

ब्लूटूथ हेडसेटचाच माइक वापरणं

ही माझी दुसरी लाडकी. तक्रार ठरलेली: गाणी मस्त वाजतात, गेम मस्त वाजतो, पण मित्रांशी बोलायला डिस्कॉर्ड उघडलं की सगळा आवाज फाटका. कंपनीने फसवलं, हेडसेट डुप्लिकेट निघाला वगैरे. तसं काही नसतं हो. साध्या ब्लूटूथमध्ये चांगला स्टिरिओ आवाज ज्या प्रोफाइलवर येतो, ए२डीपी, तिच्यात आवाज फक्त हेडसेटकडे जातो, माइकला जागाच नाही. माइक चालू केला की हेडसेट फोन कॉलवाल्या हँड्स-फ्री प्रोफाइलवर जातो आणि तिथे आवाज मोनो, सॅम्पल रेट ८ किलोहर्ट्झ, नशीब चांगलं असेल तर १६. गेमचा आवाज ४८ किलोहर्ट्झवर बनलेला आहे. मग कोण कुठून येतंय हे कसं कळणार, डावं-उजवंच उरलं नाही.

उपाय एकच, माइक वेगळा. लॅपटॉपचा स्वतःचा माइक चालेल, स्वस्तातला वायरवाला कॉलर माइक चालेल, जुन्या इअरफोनचा चालेल. डिस्कॉर्डमध्ये आणि गेममध्येही इनपुट म्हणून तोच निवडा, 'डिफॉल्ट' वर सोडू नका, कारण डिफॉल्ट कधी हेडसेटवर उडी मारेल भरवसा नाही. नवीन विंडोज ११ वर एलई ऑडिओ हा ब्लूटूथ आवाजाचा नवा प्रकार आलाय ज्यात हे दुखणं कमी होतं, पण त्याला पीसीचं ब्लूटूथ आणि हेडसेट दोन्ही तसे लागतात, घेताना बघून घ्या. माझं मत विचाराल तर शूटिंगवाले गेम ब्लूटूथवर खेळूच नयेत, आवाज उशिरा पोचतो तो वेगळाच ताप. वायर लावा किंवा २.४ गिगाहर्ट्झ डोंगलवाला हेडसेट घ्या.

पण डोंगलवाला घेतला की लोक तो पीसीच्या मागे निळ्या यूएसबी ३ पोर्टमध्ये, बाहेरच्या हार्डडिस्कला चिकटून खोचतात. यूएसबी ३ चा गोंगाट नेमका २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात सांडतो, इंटेलने २०१२ मध्येच यावर पेपर काढलाय. छोटी एक्स्टेन्शन केबल घेऊन डोंगल टेबलावर, समोर दिसेल असा ठेवा. बस्स.

घूंऽऽ आवाजावर सॉफ्टवेअर शोधणं

सतत गुणगुण येत असेल, माउस हलवला की किरकिर वाढत असेल, तर ड्रायव्हर शोधू नका. लॅपटॉप असेल तर चार्जर काढून बॅटरीवर बघा, गुणगुण गेली की मामला वीजपुरवठ्याचा किंवा अर्थिंगचा. जुन्या बिल्डिंगमध्ये बोर्डाला तिसरं भोक असतं पण आत वायर असेलच असं नाही. कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर गेमचं राहू दे बाजूला, आधी इलेक्ट्रिशियनला बोलवा. आणि कोणी सांगेल की प्लगची वरची जाडी पिन तोड, आवाज जातो. कधीकधी जातोही. पण मग बिघाड झाला तर करंटला जायला तुमच्याशिवाय दुसरा रस्ता राहत नाही. हा असला शॉर्टकट सांगणाऱ्याला चहा पण पाजू नका. डेस्कटॉपवर पुढच्या जॅकला किरकिर असेल तर मागच्या हिरव्या जॅकला लावून बघा, पुढच्या जॅकची वायर ग्राफिक्स कार्डाच्या जवळून गेलेली असते, निम्म्या वेळा तिथेच मिटतं.

बाकीच्या, पटापट

व्हॉइस चॅट सुरू झालं की गेमचा आवाज बारीक होतो? जुन्या कंट्रोल पॅनलमधल्या साउंडमध्ये कम्युनिकेशन्स टॅब उघडा. विंडोज कॉल ओळखलं की बाकीचे आवाज ८० टक्के खाली आणतं, तिथे 'डू नथिंग' करा. डिस्कॉर्डमध्येही अटेन्युएशन नावाचं तसंच एक सेटिंग आहे, तेही शून्यावर.

ग्राफिक्स ड्रायव्हर अपडेट केल्यावर आवाज गायबच झाला तर तो बहुतेक मॉनिटरकडे पळालाय, ज्याला स्पीकरच नाहीत. आउटपुट बदला.

विंडोजच्या साउंड सेटिंगमधला आवाजाचा फॉरमॅट १९२००० हर्ट्झला ठेवून काही मिळत नाही, २४ बिट ४८००० वर ठेवा.

हेडसेटच्या सॉफ्टवेअरचा ७.१ सराउंड, वर विंडोजचा तसाच सोनिक, वर गेमचा स्वतःचा थ्रीडी ऑडिओ, असे तिन्ही चालू ठेवणारे आहेत. आवाज पोकळ होणारच. एकच ठेवा, मी गेमवाला ठेवतो.

रिअलटेकवर, म्हणजे बहुतेक मदरबोर्डांवरच्या साउंड चिपच्या ड्रायव्हरवर, संशय असेल तर डिव्हाइस मॅनेजरमधून हाताने विंडोजचा साधा 'हाय डेफिनिशन ऑडिओ डिव्हाइस' ड्रायव्हर निवडून बघा. त्यावर नीट चाललं तर मदरबोर्डच्या साइटवरून ड्रायव्हर घ्या, अपडेटर सॉफ्टवेअरवरून नाही, हे परत सांगतो कारण कोणी ऐकत नाही.

फोनचा, आवाज आणि माइक एकाच पिनमध्ये असलेला, हेडसेट डेस्कटॉपच्या हिरव्या भोकात घालून माइक चालत नाही म्हणणाऱ्यांनी वाय स्प्लिटर आणावा, म्हणजे आवाज आणि माइक वेगळ्या पिनांत काढणारी छोटी वायर.

आणि एफपीएसला, म्हणजे सेकंदाला किती फ्रेम निघतात त्याला, लगाम घाला. मॉनिटर ७५ हर्ट्झचा आणि गेम ३०० वर पळवायचा, प्रोसेसर १०० टक्क्यांवर, मग आवाजाला वेळ कुठून देणार तो? ७५ वर कॅप टाकून एक मॅच खेळून बघा. रॅमचं एक्सएमपी, म्हणजे ती जास्त स्पीडने चालवणारं सेटिंग, चालू करून दिलं असेल दुकानदाराने तर तेही एकदा बंद करून बघा, अर्धवट स्थिर रॅम कधीकधी आवाजातही बोलते. आणि मे महिन्यात दुपारीच तुटतोय, रात्री नाही, असं असेल तर कॅबिनेटचं झाकण काढून धूळ झटका, प्रोसेसर तापून स्पीड खाली आणतो तेव्हाही आवाज अस्साच तुटतो आणि त्यावर कुठलाही ड्रायव्हर चालत नाही.