जावास्क्रिप्टमध्ये अ‍ॅरेतील घटकांची पुनरावृत्ती

स्ट्रिंगसाठी 'रिपीट' ही मेथड जावास्क्रिप्टमध्ये २०१५च्या आवृत्तीपासून आहे, पण अ‍ॅरेसाठी, म्हणजे घटकांच्या क्रमवार यादीसाठी, तशी मेथड नसल्याने ती सोय आपणच करावी लागते. इंदुरातील एखाद्या मंडळाच्या गणेशोत्सवात आरतीच्या पाळ्या लावायच्या आहेत, असे समजू. 'वस्त्या' या अ‍ॅरेत रामबाग, लोकमान्य नगर आणि सुदामा नगर हे तीन घटक असून त्यांची पाळी याच क्रमाने पुन्हा पुन्हा यायला हवी.

पूर्ण फेऱ्या पुरेशा असतील, तर फेऱ्यांइतक्या लांबीचा नवा अ‍ॅरे घेऊन त्यावर 'फिल'ने 'वस्त्या' भराव्यात आणि लगेच आतले अ‍ॅरे उलगडून एकच सलग अ‍ॅरे करणारे 'फ्लॅट' चालवावे. चार फेऱ्यांचे बारा घटक मिळतात. 'फ्लॅट' २०१९च्या आवृत्तीत आले. ते एरवी एकच पातळी उलगडते, त्यामुळे मूळ घटक स्वतःच अ‍ॅरे असले तरी ते शाबूत राहतात.

मात्र दहा दिवस सकाळ-संध्याकाळ आरती म्हणजे वीस पाळ्या, आणि विसाला तिनाने पूर्ण भाग जात नाही. अशा वेळी 'अ‍ॅरे डॉट फ्रॉम' मला अधिक योग्य वाटते, कारण जादा घटक तयार करून ते पुन्हा छाटावे लागत नाहीत. त्याला 'लेंग्थ' वीस असलेला ऑब्जेक्ट आणि एक फंक्शन द्यावे. त्या फंक्शनला दुसऱ्या पॅरामीटरमध्ये इंडेक्स, म्हणजे जागेचा क्रमांक, मिळतो, त्याला 'वस्त्या'च्या लांबीने भागून उरणाऱ्या बाकीच्या जागेवरचा घटक परत करावा. इंडेक्स शून्यापासून मोजला जात असल्याने शेवटच्या पाळीचा इंडेक्स १९, बाकी १, म्हणून ती आरती लोकमान्य नगराकडे जाते. 'वस्त्या' रिकामी असेल, तर वीसही जागी 'अनडिफाइन्ड', म्हणजे मूल्यच नाही, असे येईल. ती तपासणी आधीच करावी.

घटक ऑब्जेक्ट असतील, तर विशेष काळजी घ्यावी. वरील दोन्ही रीतींत ऑब्जेक्टची प्रत होत नाही, केवळ त्याचा संदर्भ पुन्हा येतो. परिणामी पहिल्या पाळीतील रामबागेची वेळ बदलली, की रामबागेच्या साऱ्याच पाळ्यांची वेळ बदलते. प्रत्येक पाळी स्वतंत्र हवी असल्यास 'फ्रॉम'च्या फंक्शनमधून घटक परत करताना पूर्ण प्रत काढणारे 'स्ट्रक्चर्डक्लोन' वापरावे, मात्र ऑब्जेक्टच्या आत फंक्शन असल्यास ते एरर देते.

लूप चालवून 'पुश' करायचे, म्हणजे घटक एकेक करून शेवटी जोडायचे असतील, तर नव्या अ‍ॅरेत करावे. मूळ अ‍ॅरेतच भर घालायची असल्यास त्याची लांबी लूपपूर्वी वेगळ्या व्हेरिएबलमध्ये ठेवावी आणि मर्यादा तिच्यावरूनच ठरवावी, अन्यथा प्रत्येक 'पुश'बरोबर लांबीही वाढते आणि मेमरी संपेपर्यंत लूप थांबत नाही.