एनक्लेक्स-पीएन: कोणतं साहित्य घ्यायचं आणि ते कसं वापरायचं

अमेरिकेत एलपीएन, म्हणजे लायसन्स्ड प्रॅक्टिकल नर्स, म्हणून (टेक्सास आणि कॅलिफोर्नियात तिलाच एलव्हीएन म्हणतात) परवाना हवा असेल तर एनक्लेक्स-पीएन ही परीक्षा द्यावीच लागते. या परीक्षेसाठी बाजारात साहित्याचा पूर आहे, आणि नापास होणाऱ्यांच्या टेबलावर बहुतेक वेळा पुस्तकं कमी नसतात, जास्तच असतात. तीन पुस्तकं, दोन ॲप, व्हिडिओंची लांबलचक यादी, आणि यातलं एकही शेवटापर्यंत झालेलं नाही.

विकत काही घेण्याआधी एनसीएसबीएनच्या (ही परीक्षा तयार करणारी संस्था) संकेतस्थळावरून पीएनचा टेस्ट प्लॅन, म्हणजे कोणत्या विभागातून किती प्रश्न येतात याचा आराखडा, उतरवून घ्या. तो फुकट आहे. दर तीन वर्षांनी तो बदलतो, म्हणून आपल्या परीक्षेच्या तारखेला लागू असलेलाच घ्या. १ एप्रिल २०२३ ते ३१ मार्च २०२६ साठीच्या आराखड्यात सर्वात मोठा वाटा कोऑर्डिनेटेड केअरचा (कामं सोपवणं, प्राधान्य ठरवणं, रुग्णाचे हक्क वगैरे) आहे: १८ ते २४ टक्के. त्याखालोखाल औषधोपचार आणि सुरक्षितता-संसर्ग नियंत्रण, प्रत्येकी १० ते १६ टक्के. शरीरक्रिया बिघडण्याचा भाग, ज्यावर बहुतेक जण महिनाभर घालवतात, तो ७ ते १३ टक्केच. वेळापत्रक या आकड्यांवरून आखा, कॉलेजातल्या विषयांच्या क्रमाने नाही.

साहित्य तीन गोष्टींचं पुरतं: उजळणीचं एक पुस्तक, एक प्रश्नसंच आणि हा टेस्ट प्लॅन. पुस्तक घेताना मुखपृष्ठावर ‘पीएन’ आहे ना, ते आधी बघा. मोठी बहीण आरएन (एलपीएनच्या वरची रजिस्टर्ड नर्स) झाली म्हणून तिचंच पुस्तक वापरायचं, ही बचत महाग पडते. त्यातल्या प्रश्नांत नर्स स्वतः पहिलं असेसमेंट करते, काळजीची योजना ठरवते, रुग्णाला पहिल्यांदा शिकवते. एलपीएन माहिती गोळा करते, बदल आरएनला कळवते, आधी शिकवलेलं पक्कं करून घेते. आरएनचे हजार प्रश्न सोडवले की हात आरएनच्या उत्तराकडे जायला लागतो.

दुसरी अट आवृत्तीची. १ एप्रिल २०२३ पासून परीक्षेचं स्वरूप बदललं. आता किमान ८५ आणि कमाल १५० प्रश्न असतात, वेळ ५ तास. गुणांत धरल्या जाणाऱ्या ३ केस स्टडी असतात, प्रत्येकीत ६ प्रश्न. त्याआधीच्या पुस्तकातली औषधं आणि आजार चालतील, पण मॅट्रिक्स (तक्त्यात खुणा करणं), बो-टाय (मधे आजार, एका बाजूला करायच्या आणि दुसऱ्या बाजूला लक्ष ठेवायच्या गोष्टी निवडणं), उताऱ्यातले शब्द ठळक करणं, गाळलेल्या जागी यादीतून पर्याय निवडणं हे प्रकार त्यात बहुधा सापडणार नाहीत. ते पहिल्यांदा परीक्षेच्या पडद्यावर बघायची वेळ येऊ नये.

प्रश्नसंच निवडताना किती हजार प्रश्न आहेत याला फार महत्त्व देऊ नका. चाचणीपुरते उघडून मिळणारे दहा प्रश्न सोडवा आणि उत्तरामागचं कारण वाचा. बरोबर पर्याय का बरोबर, एवढंच लिहिलं असेल तर तो संच सोडा. उरलेले तीन पर्याय का चुकीचे, हे प्रत्येकासाठी लिहिलेलं हवं. शिकणं बरंचसं त्या तीन कारणांतच असतं. ‘परीक्षेत आलेले खरे प्रश्न’ म्हणून विकल्या जाणाऱ्या याद्यांपासून लांब राहा. परीक्षेतले प्रश्न गोपनीय असतात, ते बाहेर सांगणं किंवा मिळवणं हा नियमभंग आहे आणि त्यापायी निकाल रद्द होऊ शकतो. शिवाय त्या याद्यांतली उत्तरं सर्रास चुकीची असतात.

आता रोजचं काम. आठ आठवडे हाताशी असतील तर आठवड्याचे सहा दिवस, दिवसाला ५० प्रश्न, म्हणजे एकूण २,४०० होतात आणि तेवढे पुरे. २५ प्रश्न घड्याळ लावून, ५० मिनिटांत सोडवा, कारण ५ तासांत १५० प्रश्न म्हणजे प्रश्नामागे २ मिनिटं. मग त्या २५ ची कारणं वाचायला तास-दीड तास द्या. बरोबर आलेल्यांचीही वाचा, अंदाजाने लागलेलं उत्तर फसवं असतं. मग दुसरे २५. दिवसाला १५० प्रश्न सोडवून कारणं न वाचणारा उमेदवार त्याच चुका जास्त वेगाने करायला शिकतो.

चुकांची वही ठेवा. चार रकाने: विषय एका ओळीत, चूक का झाली, नियम स्वतःच्या शब्दांत, पुन्हा बघायची तारीख. दुसऱ्या रकान्यात चारच खुणा पुरतात: ‘माहीत नव्हतं’, ‘प्रश्न नीट वाचला नाही’, ‘भूमिका चुकली’, ‘बरोबर उत्तर बदललं’. दोन आठवड्यांनी खुणा मोजा. ‘माहीत नव्हतं’ कमी आणि बाकीच्या जास्त असतील तर पुस्तक पुन्हा पहिल्या पानापासून वाचण्यात अर्थ नाही.

भूमिकेच्या चुकीचं उदाहरण बघा. एलपीएनकडे कोणता रुग्ण सोपवावा? छातीत दुखतंय म्हणून आत्ताच दाखल झालेला, पहिल्यांदाच इन्सुलिन शिकायचं आहे असा, रक्त चढवायला नुकतंच सुरू केलेला, की कोलोस्टॉमीनंतर (मोठ्या आतड्याचं तोंड पोटावर काढण्याची शस्त्रक्रिया) तिसऱ्या दिवशी स्थिर असलेला? शेवटचा. पहिल्या तिघांत अस्थिरता, पहिलं शिक्षण किंवा प्रतिक्रियेचा धोका आहे, म्हणून ते आरएनकडे. शिरेतून दिल्या जाणाऱ्या औषधांबाबत राज्याराज्यांत नियम वेगळे आहेत. परीक्षा देशभर एकच आहे, तेव्हा आपल्या वॉर्डात काय चालतं यावरून उत्तर देऊ नका.

प्राधान्याच्या प्रश्नात ‘श्वास आधी’ हे सूत्र सगळ्यांना पाठ असतं आणि तिथेच घात होतो. सीओपीडीच्या (फुफ्फुसांचा जुनाट आजार) रुग्णाचं ऑक्सिजन सॅच्युरेशन ९० टक्के, आणि थायरॉइडच्या शस्त्रक्रियेनंतर घशातून घरघर येणारा रुग्ण. ९० हा आकडा दिसताच पहिला निवडला जातो. पण त्याच्या आजारात ८८ ते ९२ अपेक्षितच आहे. दुसऱ्याची श्वासनलिका दबत चालली आहे. श्वासाच्या आधी विचारायचं ते हे: या आजारात हे अपेक्षित आहे की अनपेक्षित?

औषधं गटाने शिका. परीक्षेत जेनेरिक नावं असतात, म्हणून शेवट ओळखायला शिका. ‘-प्रिल’ दिसलं की कोरडा खोकला, वाढलेलं पोटॅशियम, ओठ-जीभ सुजणं. ‘-ओलॉल’ दिसलं की नाडी, रक्तदाब, आणि मधुमेह्यात साखर उतरल्याची लक्षणं झाकली जाणं. आकडे थोडेच पण न अडखळता यावेत: पोटॅशियम ३.५ ते ५, सोडियम १३५ ते १४५, लिथियम ०.६ ते १.२, वॉरफरिनवर आयएनआर (रक्त गोठायला लागणाऱ्या वेळेचं माप) साधारण २ ते ३.

गणितात बेरीज-गुणाकार चुकत नाहीत, चुकतं ते एकक. ४४ पौंडांच्या मुलाला किलोमागे १५ मिलिग्रॅम ॲसिटॅमिनोफेन, द्रावण ५ मिलीत १६० मिलिग्रॅम. ४४ भागिले २.२ म्हणजे २० किलो, ३०० मिलिग्रॅम, ९.४ मिली. पौंडाचे किलो करायचे राहिले तर उत्तर २०.६ मिली येतं, आणि पडद्यावरचा कॅल्क्युलेटर ते निमूटपणे दाखवतो. सलाइनचा हिशोबही हातात बसू द्या: १००० मिली ८ तासांत, संचाचे १५ थेंब प्रतिमिली, म्हणजे १२५ गुणिले १५ भागिले ६०, ३१ थेंब प्रतिमिनिट. किती दशांशांपर्यंत उत्तर हवं ते प्रश्नातच लिहिलेलं असतं.

‘लागू असलेले सर्व निवडा’ या प्रकारात आता अंशतः गुण मिळतात, पण चुकीचा पर्याय निवडला की मिळालेला गुण कापला जातो (शून्याखाली जात नाही). म्हणून प्रत्येक पर्यायाला स्वतंत्र हो-नाही विचारा. खात्री नसलेला पर्याय ‘असू दे’ म्हणून घेऊ नका.

परीक्षेची नोंदणी पिअर्सन व्ह्यू या परीक्षा घेणाऱ्या कंपनीकडे होते, शुल्क २०० डॉलर. राज्याच्या नर्सिंग बोर्डाचं शुल्क वेगळं. परवानगीचं पत्र, ज्याला एटीटी म्हणतात, त्यावरच्या मुदतीतच परीक्षा द्यावी लागते, ती वाढवून मिळत नाही. पत्रावरचं नाव आणि ओळखपत्रावरचं नाव तंतोतंत जुळायला हवं. लग्नानंतर एकावर जुनं आणि दुसऱ्यावर नवं आडनाव असेल तर ते आधीच दुरुस्त करून घ्या, नाहीतर दारातून परत पाठवतात आणि पैसेही जातात. अर्धा तास आधी पोचा.

आत एकदा उत्तर देऊन पुढे गेलात की मागे येता येत नाही, म्हणून घरचा सरावही तसाच करा. प्रश्न अवघड होत गेले तर घाबरू नका. संगणक तुमच्या उत्तरांवरून पुढचा प्रश्न निवडतो. ८५ वर थांबलं म्हणून पास नाही आणि १५० वर गेलं म्हणून नापास नाही. पण वेळ संपेपर्यंत ८५ झाले नाहीत तर मात्र नापास.

पास झाला नाहीत तर मिळणारा कँडिडेट परफॉर्मन्स रिपोर्ट फाडून टाकू नका. कोणत्या विभागात तुम्ही पातळीच्या वर, जवळपास की खाली होता, ते त्यात असतं. पुन्हा बसायला किमान ४५ दिवस थांबावं लागतं. त्यातले पहिले तीन आठवडे ‘खाली’ आलेल्या विभागांना द्या, नंतर ‘जवळपास’वाल्यांना, आणि चुकांची जुनी वही बाजूला ठेवून नवीन सुरू करा.